अर्जातला सातवा मुद्दा

"यमुना, तू पत्रात नेमकं काय लिहिलं होतंस?"

मुजावर सरांनी हे विचारलं तेव्हा आम्ही एस.टी. स्टँडच्या पार्सल ऑफिसात उभे होतो आणि समोर पत्र्याच्या चार ट्रंका होत्या. आम्ही न्यायला आलो होतो एक लहानसा डबा. दस्तगीरमामांनी त्यासाठी सायकल आणली होती, कॅरियरला दोरीसुद्धा गुंडाळून ठेवली होती. मामा आमच्या फिल्म सोसायटीचे ऑपरेटर. अर्धी उमर त्यांनी जत्रेतल्या तंबूत सिनेमे दाखवण्यात घालवली होती आणि आता विद्यापीठाचा एकुलता एक प्रोजेक्टर सांभाळत होते. त्यांनी एक ट्रंक उचलून बघितली आणि परत खाली ठेवली.

"काय ओ सर, ह्यो समदा बाजार आपलाच हाय?"

ट्रंकांवर नाव आमचंच होतं. आत सात सिनेमे होते, सव्वीस रिळं.

"मी लिहिलं होतं, सर... सोबतच्या यादीतले सात चित्रपट आमच्या सोसायटीस मिळावेत, ही नम्र विनंती."

"आणि तारखा?"

"तारखा..."

"दर महिन्याला एक, असं सांगितलं होतं ना मी? सात महिन्यांचे सात?"

तारखा मी घातल्याच नव्हत्या. चूक कशी झाली हे मला तिथल्या तिथे कळलं, पण सांगणार कसं? भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला मुलींच्या वसतिगृहातले कायदे काय ठाऊक!

आमच्या रेक्टर हेरवाडकरबाई. त्यांचा नियम होता, एका मुलीचा आठवड्याला एकच अर्ज. तोंडी काही ऐकून घ्यायच्या नाहीत. त्यामुळे आम्ही मुली आठवडाभराचं सगळं एकाच अर्जात कोंबायला शिकलो होतो. बादली गळते, बल्ब गेला, रविवारी काका भेटायला येणार आहेत, आमटीत डाळ शोधावी लागते. सगळं एकाखाली एक, मुद्दे घालून. सवय इतकी अंगात मुरली होती की मी वडिलांनासुद्धा मुद्दे घालून पत्र लिहायचे आणि तेही बिचारे त्याच क्रमाने उत्तर द्यायचे. पुण्याच्या फिल्म लायब्ररीला मी तसंच लिहिलं. एकदाच काय ते मागून घ्यावं, पुन्हा संधी मिळेल न मिळेल!

ट्रंकांबरोबरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की सोमवारी सकाळच्या गाडीने सगळे सिनेमे पुढे धारवाडला रवाना करावेत, आणि मागवलेले सिनेमे न दाखवल्यास पुढच्या वर्षी सोसायटीच्या मागणीचा विचार होणार नाही. तो दिवस बुधवार होता.

सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "बघू," आणि रिक्षा बोलवायला गेले.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. सोसायटीला विद्यापीठाने दोन वर्षांची परवानगी दिली होती, करून बघा म्हणून. सभासद चाळीस, सगळे प्राध्यापक आणि कारकून. मी एकटी मुलगी, तीही माझं अक्षर चांगलं म्हणून. वर्षभर मी पत्रं लिहिली, जाहिराती चिकटवल्या, खुर्च्या लावल्या, आणि सिनेमा एकही पाहिला नाही. कारण खेळ पावणेसातला सुरू व्हायचा आणि हॉस्टेलचं फाटक सातला बंद. फाटकावर बाई स्वतः हजेरीपुस्तक घेऊन उभ्या असत. पडद्यावर नावं सुरू होईपर्यंत मी भिंतीला टेकून थांबायचे आणि मग चपला हातात घेऊन पळत सुटायचे. सहा देशांच्या सिनेमांची नावं मी पाहिली होती. गोष्ट एकाही सिनेमाची ठाऊक नव्हती.

बाई दर वेळी फाटकात अडवून विचारायच्या, "आज कुठल्या देशाचा होता?"

मी देश सांगायचे. मग त्या हात पुढे करायच्या. लायब्ररीकडून प्रत्येक सिनेमाबरोबर त्याच्या कथेचा एक छापील कागद यायचा, तो द्यावा लागायचा. "तपासायला ठेवते," म्हणायच्या. ते कागद कधी परत मिळाले नाहीत. बाई आमच्यावर पाळत ठेवतात, याबद्दल माझी खात्री होती.

त्याच दुपारी सर आणि मी रजिस्ट्रारसाहेबांकडे गेलो. आमचे खेळ भौतिकशास्त्राच्या गॅलरीत व्हायचे, पण ती महिन्यातून एकच संध्याकाळ मिळायची. उरला जुना मोठा हॉल. शुक्रवार-शनिवार संध्याकाळी तिथे स्नेहसंमेलनाच्या तालमी असायच्या, म्हणजे सात सिनेमे उरकायचे तर दिवसाउजेडी.

"हॉल देतो," साहेब म्हणाले. "पण चाळीस टाळक्यांसाठी नाही. शंभर माणसं दाखवा. अंधाराचं तुमचं तुम्ही बघा. आणि उद्या दुपारपर्यंत रीतसर अर्ज हवा."

बाहेर पायऱ्यांवर सर थांबले. "शुक्रवारी सकाळी माझ्या चाळिसांतले दहा तरी येतील का? सगळे नोकरीवर." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या हॉस्टेलात मुली किती गं?"

"एकशे बारा."

मी तिथेच पायरीवर बसले. वाघाच्या जबड्यात हात कोणी घालायचा, ते ठरून गेलं होतं.

पाच वाजता मी बाईंच्या दारात उभी राहिले. बाई वसतिगृहातच दोन खोल्यांत राहायच्या, एकट्या. टेबलाशी बसून काहीतरी वाचत होत्या. मला बघून त्यांनी ते वहीखाली सरकवलं.

"बाई, एक अर्ज होता."

"सोमवारी दिलास. गरम पाणी, डाळ आणि नऊ नंबरच्या खोलीची कडी."

"हा वेगळा आहे."

"पुढच्या सोमवारी आण."

"पुढच्या सोमवारी डबे धारवाडला जातील हो, बाई."

"कसले डबे?"

मी सगळं सांगितलं. मुद्दे न घालता, जसं येईल तसं, आणि शेवटी शेवटी चक्क रडत. माझ्यामुळे सोसायटी बंद पडणार, सर एका शब्दाने बोलले नाहीत, मला तोंड दाखवायला जागा नाही. बाईंनी पुरतं ऐकून घेतलं.

"सातही सिनेमे एकाच पत्रात मागितलेस?"

"हो."

"तारखा न घालता?"

"हो."

"असलं पत्र लिहायला कुठे शिकलीस?"

मी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हटलं, "इथंच, बाई."

मला वाटलं, आता घरी पत्र जाणार. वर बघितलं तर बाई ओठ घट्ट मिटून हसू दाबत होत्या. दोन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच तसं पाहत होते.

"म्हणजे निम्मी चूक माझी झाली," त्या म्हणाल्या. "पण तुझा अर्ज मी घेणार नाही. नियम तो नियम."

मी वळले.

"थांब. मी या आठवड्यात कुठे अर्ज केलाय?" त्यांनी ड्रॉवरमधून कोरा ताव काढला. "कुठल्या कुठल्या देशांचे आहेत, सांग. आणि कागद आण."

मी सातही कथांचे कागद पुढे ठेवले. त्या एकेक बघत गेल्या. सगळ्यांत खालचा त्यांनी जरा जास्त वेळ धरला.

"हा कुठला?"

"हंगेरीचा. बर्फातल्या गावात एक बाई टपाल वाटते, तिची गोष्ट."

"हा शेवटी ठेवा. रविवारी." मग टाक उचलून म्हणाल्या, "हॉलला खिडक्या किती?"

"चौदा. माझ्या दुप्पट उंचीच्या."

"एका खिडकीला वाकळा किती लागतील?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांच्या मागे भिंतीवर नियमांचा तक्ता होता आणि त्यातला अकरावा नियम होता, अंथरूण-पांघरूण वसतिगृहाबाहेर नेऊ नये. बाई लिहायला लागल्या होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी लखोटा खळीने चिकटवला आणि माझ्या हातात दिला.

"मुजावरांना दे. वाटेत उघडायचा नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्ज मंजूर होऊन आला.

शुक्रवारी सकाळी वाकळांवरून अडलं. आमच्या मुली जत, आटपाडी, राधानगरीकडच्या. प्रत्येकीकडे आईने जुन्या लुगड्यांची शिवून दिलेली वाकळ होती, पण ती चार लोकांत टांगायची म्हणजे घरची दशा वेशीवर टांगण्यासारखं वाटत होतं. माझी खोलीतली मैत्रीण मंदाकिनी कोळेकर तर वाकळीवर बसूनच राहिली.

"माझी न्हाई द्यायची. आईच्या फाटक्या लुगड्याची हाय. भोकं पडल्यात. पोरं बघून हसतील."

तेवढ्यात बाई खोलीतून बाहेर आल्या. काखेत त्यांची स्वतःची वाकळ होती. विटलेलं हिरवं लुगडं, त्यावर तपकिरी ठिगळं, ठिगळांवर ठिगळं. आमच्या कोणाचीच इतकी जुनी नव्हती. त्या व्हरांड्यातून चालत फाटकाबाहेर पडल्या आणि हॉलकडे गेल्या. मागोमाग मंदाकिनी उठली. मग सगळ्याच उठल्या. एकशे बारा मुली डोक्यावर वाकळा घेऊन विद्यापीठाच्या मुख्य रस्त्याने निघाल्या, तेव्हा प्रशासकीय इमारतीतले कारकून कामं टाकून खिडकीत आले होते.

मामांनी शिडीवर चढून एकेक वाकळ ठोकली आणि दार लावून बघितलं.

"तंबूत बी येवढा अंधार नव्हता कधी!" ते म्हणाले.

अगदी तेवढा नव्हता. नवव्या खिडकीवरच्या वाकळीला भोक होतं आणि त्यातून उन्हाचा एक कवडसा थेट पडद्यावर पडायचा. सकाळी तो नायकाच्या कपाळावर असायचा आणि दुपारपर्यंत सरकत भिंतीवर जायचा. सुरुवातीला मंदाकिनी मान खाली घालून बसली होती. रविवारपर्यंत ती आजूबाजूला सांगत होती, "त्यो उजेड माझ्या वाकळंचा."

अकरा वाजता पहिला सिनेमा सुरू झाला. नावं आली, आणि माझे पाय सवयीने चपला शोधायला लागले. मग लक्षात आलं, आज उठायचं नाही. नावं संपली. नावांनंतर एक रस्ता दिसला, रस्त्यावर एक माणूस सायकल ढकलत येत होता. एवढंच. पण त्या माणसाचं पुढे काय होतं हे मला आज कळणार होतं, आणि त्या आनंदाने मला काही सुचेना. मी रडले, हसले, शेजारणीचा हात दाबून तिची बांगडी फोडली.

खालच्या ओळी इंग्रजीत. त्या झरझर जायच्या. मंदाकिनी निम्म्या वाचून निम्म्या मनाने जुळवायची आणि मागच्या रांगेला सांगायची, "म्हणतोय, घरला चल. ती म्हणती, न्हाई जा." एका प्राध्यापकांनी शू:, शू: केलं. त्यावर मागून कोणीतरी म्हणालं, "अगं मोठ्यानं सांग की, हिकडं ऐकू येईना!" दुपारच्या सिनेमाला तेच प्राध्यापक तिच्या पुढच्या रांगेत येऊन बसले.

बाई मात्र आत आल्या नाहीत. तिन्ही दिवस त्या व्हरांड्यात दाराशी स्टूल टाकून बसून होत्या, मांडीवर हजेरीपुस्तक. एकही मुलगी मधूनच कुठे निसटू नये म्हणून. सहा सिनेमे झाले, सहाही वेळा बाई दाराबाहेर. मला तेव्हा त्यांचा जरा रागच आला होता. एवढं करून पुन्हा पहारा कशाला!

रविवारी साडेचारला सातवा सिनेमा लागला. सव्वासहापर्यंत सहज संपला असता. दुसरं रीळ सुरू झालं आणि प्रोजेक्टरचा पट्टा तुटला. मामांनी हत्यारांची पेटी उलटीपालटी केली. दुसरा पट्टा नव्हता.

"एखांदी नाडी गावंल का?" मामा अंधारातच म्हणाले.

मुलींत खसखस पिकली. मग हातोहात एक परकराची नाडी पुढे आली. कोणाची, ते मी आजही सांगणार नाही. ती वळून, गाठ मारून, चार वेळा निसटून शेवटी बसेपर्यंत पाऊण तास गेला. त्यात पुढचं रीळ निघालं उलटं गुंडाळलेलं. ते सुलटं करून घ्यावं लागलं. सिनेमा पुन्हा चालू झाला तेव्हा सहा वाजून गेले होते. पडद्यावर ती टपालवाली बाई बर्फातून चालली होती आणि तिच्या पिशवीत स्वतःच्या नावाचं एक पत्र होतं, ते ती उघडत नव्हती.

सातला पाच कमी असताना अंधारात खसफस सुरू झाली. मुली चपला चाचपत होत्या. मीही माझ्या हातात घेतल्या. वर्षभर पहिल्या पाच मिनिटांत उठायचे, आज शेवटच्या अर्ध्या तासाला. तेवढ्यात दार उघडलं आणि बाई आत आल्या.

"मामा, दिवे लावा जरा."

दिवे लागले. आम्ही सगळ्या चपला घेऊन उभ्या. बाई पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, चष्मा लावला आणि हजेरीपुस्तक उघडलं.

"बसा खाली. आडके सुमन ज्ञानू."

कोणाला काही समजेना. सुमन चाचरत म्हणाली, "हजर."

"ऐवळे लक्ष्मी बापू."

"हजर."

एकशे बारा नावं. मागे बसलेले प्राध्यापक आधी हसले, मग गप्प झाले. रजिस्ट्रारसाहेबही आले होते, कोपऱ्यात हाताची घडी घालून ऐकत होते. "तोडकर यमुना महादेव," बाई म्हणाल्या. माझ्या तोंडून 'हजर' कसंबसं निघालं. शेवटचं नाव झालं. बाईंनी पुस्तक मिटलं.

"हजेरी झाली. सगळ्या आत आहेत. चालू करा, मामा." आणि पडद्याकडे एकदा बघून त्या पुन्हा दाराकडे निघाल्या.

मला काय झालं कोणास ठाऊक. मी उभी राहिले.

"बाई, एक नाव राहिलं."

"कोणाचं?"

"हेरवाडकर इंदुमती दत्तात्रय."

म्हटलं, आता गेले मी. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

"हजर," त्या म्हणाल्या.

मंदाकिनीने सरकून जागा केली. बाई पहिल्या रांगेत बसल्या आणि मामांनी दिवे घालवले. टपालवालीने पत्र शेवटी उघडलं. त्यात काय होतं ते मी सांगत नाही, पण बाईंनी पुन्हा चष्मा पुसला.

साडेसातला रांगेने हॉस्टेलकडे परतताना मी त्यांना गाठलं. "बाई, तुमचे फार उपकार झाले."

"उपकार कसले! पुढच्या वर्षीही पत्र असंच लिही." दोन पावलं गेल्यावर म्हणाल्या, "तारखा घालू नकोस."

मी घातल्या नाहीत. पुढच्या वर्षी नऊ सिनेमे आले, त्याच्या पुढच्या वर्षी बारा. महोत्सव हे नाव सरांनी तिसऱ्या वर्षी दिलं. शिकून मी तिथेच नोकरीला लागले आणि पुढे महोत्सवाचं काम माझ्याकडे आलं. बाहेरून येणारे पाहुणे विचारतात, तुमचे खेळ अकराला का सुरू होतात, रात्रीचे का नाहीत? आणि शेवटच्या दिवशी सातला दिवे लावून हजेरी घेतली जाते तेव्हा ते आधी हसतात आणि मग आपलं नाव कधी येतंय याची वाट बघतात. बाई निवृत्त होऊन बेळगावला भाचीकडे गेल्या, पण दर वर्षी शेवटच्या सिनेमाला एस.टी.ने यायच्या. त्यांचं नाव सगळ्यांत शेवटी असायचं. अठरा वर्षं त्यांनी 'हजर' म्हटलं.

मुजावर सरांनी निवृत्त होताना सोसायटीची फाईल माझ्या हवाली केली. तिच्यात सगळ्यांत खाली बाईंनी तपासायला ठेवलेले कथांचे कागद होते. त्या कधीतरी सरांकडे देऊन गेल्या होत्या. नीट तारीखवार लावलेले, आणि प्रत्येकाच्या कडेला त्यांच्या गोल अक्षरात लिहिलेलं: 'शेवट काय झाला असेल?'

त्या कागदांच्या वर तो अर्ज ठेवलेला होता, मी न उघडता पोचवलेला. मुद्दे घातलेला, एकूण सात. हॉल मिळावा. शिपायाकडून शिडी मिळावी. वाकळा बाहेर नेण्यास या तीन दिवसांपुरती मुभा असावी. मुलींना शुक्रवार-शनिवारच्या तासांची सूट मिळावी. शंभरावर प्रेक्षकांची हमी अर्जदार देते. शेवटचा चित्रपट लांबल्यास सायंकाळची हजेरी सभागृहातच घेतली जाईल. आणि खाली:

'७) अर्जदार गेली एकोणीस वर्षे दररोज सायंकाळी सात वाजता फाटकावर असते. या काळात तिने एकही चित्रपट पाहिलेला नाही. रविवारचा शेवटचा चित्रपट पाहण्यास तिला परवानगी असावी, ही विनंती.'

समासात रजिस्ट्रारसाहेबांचा लाल शाईतला शेरा होता: 'मुद्दा ७ मंजूर. त्यासाठी १ ते ६ मंजूर.'